ताट गोल की लाडू गोल? ॲनामॉर्फिक भिंग, रॉ फाईल आणि 'दुरुस्ती' नावाचा शब्द

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेल्या चित्रांचं वर्णन कंसात दिलं आहे.)

विषयाचं नाव जरा जड आहे, पण आमचं भांडण साधं आहे आणि ते एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'दुरुस्ती'. कॅमेऱ्याची रॉ फाईल संगणकावर उघडली की बाजूच्या पट्टीत भिंगाच्या दुरुस्तीची एक चौकट असते. तिथे टिचकी मारली की चित्र किंचित हलतं, कडा जरा सरकतात, आणि आपल्याला वाटतं की चला, चुकलेलं नीट झालं. साध्या भिंगापुरतं हे बऱ्याच अंशी खरंही आहे. ॲनामॉर्फिक भिंगाच्या बाबतीत मात्र ही समजूत माणसांच्या चेहऱ्यांना महागात पडते, असं आमचं म्हणणं आहे. तिथे चूक नाहीशी होत नाही, ती उचलून दुसरीकडे ठेवावी लागते. कुठे ठेवायची हे आपण ठरवलं नाही, तर सॉफ्टवेअर आपल्या वतीने ठरवून टाकतं आणि आपल्याला सांगतही नाही.

आधी भिंग म्हणजे काय ते पटकन बघू. तुमच्यापैकी अनेकांच्या चष्म्याच्या कागदावर दोन नंबर असतील, एक साधा आणि एक सिलिंड्रिकल. सिलिंड्रिकल काच प्रकाशाला एकाच दिशेत वळवते. ॲनामॉर्फिक भिंगात पुढे अशाच सिलिंड्रिकल काचा बसवलेल्या असतात. त्या समोरचं दृश्य फक्त आडव्या दिशेत दाबतात. उंची जशीच्या तशी राहते आणि रुंदी आखडते. सेन्सरवर उमटलेला माणूस मग उंच, काटकुळा दिसतो. नंतर चित्र तेवढंच आडवं ताणलं की माणूस माणसासारखा होतो आणि चौकट लांब-रुंद मिळते. जुन्या टीव्हीवर एखादा सिनेमास्कोप चित्रपट लागला आणि श्रेयनामावलीत सगळी मंडळी अचानक बांबूसारखी दिसली, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

ही गोष्ट पूर्वी सिनेमावाल्यांची होती. गुरुदत्तांचा 'कागज के फूल' १९५९ साली आला, तो आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. व्ही. के. मूर्ती यांनी तो टिपला. तेव्हा असं भिंग हाताळणारी माणसं देशात बोटावर मोजण्याइतकी असणार. आता परिस्थिती उलटी आहे. २०२० साली सिरुई कंपनीचं ५० मिमीचं, १.३३ पटीचं भिंग बाजारात आलं, आणि साध्या कॅमेऱ्याला लागणारी, हौशी माणसाला परवडतील अशी ॲनामॉर्फिक भिंगं मग येतच राहिली. मोबाईलवर चिकटवायचीही मिळतात. त्यामुळे लग्नाच्या व्हिडिओसाठी घेतलेलं भिंग तसंच कॅमेऱ्यावर राहतं आणि त्याच भिंगातून फोटोही निघतात. म्हणजे हा प्रश्न आता तुमच्या-आमच्या घरच्या अल्बमपर्यंत आलेला आहे.

आता थोडं मागे जाऊ, कारण यातली सगळ्यात शहाणी दुरुस्ती संगणक येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेली आहे. हे भिंग सिनेमासाठी प्रथम बनवलं फ्रान्समधल्या आंरी क्रेतिएँ यांनी, १९२० च्या दशकात. गृहस्थ मूळचे खगोलशास्त्रातले. हबल दुर्बिणीची रचना ज्या रिची-क्रेतिएँ पद्धतीची आहे, त्यातले क्रेतिएँ हेच. त्यांच्या 'हायपरगोनार' भिंगाकडे हॉलिवूडने बरीच वर्षं ढुंकूनही पाहिलं नाही. टीव्हीमुळे थिएटरं ओस पडायला लागली तेव्हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला ते आठवलं, आणि १९५३ मध्ये 'द रोब' सिनेमास्कोपमध्ये आला.

पडदा रुंद झाला, लोक आले, आणि लगेच एक तक्रारही आली. जवळून टिपलेले चेहरे सुजल्यासारखे दिसायचे. त्याला तिकडे नावच पडलं, सिनेमास्कोपचे गालगुंड. कारण असं की भिंगाचा दाब सगळ्या अंतरांवर सारखा नसतो. लांबच्या दृश्याला भिंग दुप्पट दाबतं, पण जवळच्या चेहऱ्याला त्याहून कमी. थिएटरातला प्रोजेक्टर मात्र सगळ्याला सरसकट दुप्पट ताणतो. समजा चेहरा १.८ पट दाबला गेला आणि ताणला २ पट, तर तो सरळ अकरा टक्क्यांनी रुंद झाला. नटीच्या क्लोजअपमध्ये अकरा टक्के म्हणजे किती, हे कुठल्याही नटीला विचारा.

यावर तोडगा काढला पॅनाव्हिजन कंपनीने, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. रॉबर्ट गॉटशॉक हे त्या कंपनीचे संस्थापक. त्यांच्या भिंगात सौम्य सिलिंड्रिकल काचांची एक जोडी होती. फोकसची कडी फिरवली की या दोन काचा एकमेकींच्या उलट दिशेने फिरायच्या, आणि ज्या अंतरावर फोकस आहे त्या अंतरावरचा दाब बरोबर दुप्पट राखायच्या. चेहरा बरोबर आला. पण मग चूक गेली कुठे? ती गेली मागे, फोकसबाहेरच्या पार्श्वभूमीत. मागची झाडं, खिडक्या, दिवे उभे ताणले जायला लागले. म्हणजे गॉटशॉक यांच्या कंपनीने चूक मारली नाही, तिला चेहऱ्यावरून उठवून मागच्या बाकावर बसवलं. आणि तसं करताना त्यांना पक्कं माहीत होतं की आपण काय वाचवतोय आणि काय सोडून देतोय. हा जो ठरवण्याचा भाग आहे, तो आजच्या टिचकीत हरवलाय. आमची टीका तेवढ्यावरच आहे, संगणकावर नाही.

आता रॉ फाईलकडे येऊ. इथे दोन वेगळी कामं एकाच 'दुरुस्ती' या नावाखाली कोंबली जातात. ती आधी सुटी करू.

पहिलं काम म्हणजे दाबलेलं ताणणं, ज्याला सगळे डीस्क्वीझ म्हणतात. ही दुरुस्ती नव्हेच, हे वाचन आहे. मोडी लिपीतला कागद देवनागरीत उतरवून घेतला तर आपण त्याला 'दुरुस्त केला' म्हणत नाही. फाईलमध्ये माहिती एका विशिष्ट पद्धतीने लिहिलेली आहे आणि ती त्याच पद्धतीने वाचायची, एवढंच. रॉ फाईलच्या जगाला हे नवीनही नाही. निकॉनचा डी१एक्स हा २००१ चा कॅमेरा घ्या. त्याच्या सेन्सरवरचे पिक्सेल चौरस नव्हतेच. आडवे ४०२८ आणि उभे फक्त १३२४ घटक होते, आणि त्यातून ३००८ बाय १९६० चं चित्र तयार व्हायचं. त्या चित्राला कोणी 'विकृत' म्हटलं नाही, कारण कसं वाचायचं ते फाईल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला ठाऊक होतं. ॲडोबीच्या डीएनजी या रॉ प्रकारात यासाठी एक स्वतंत्र नोंदही आहे, 'डिफॉल्टस्केल'. आडव्या आणि उभ्या दिशेला किती पट मोठं करायचं ते तिथे दोन आकड्यांत लिहिलेलं असतं. एक्झिफटूलसारख्या साधनाने तिथे १.३३ आणि १ लिहून टाकलं की ती नोंद मानणारं सॉफ्टवेअर चित्र ताणूनच उघडतं, आणि सेन्सरने टिपलेल्या एकाही पिक्सेलला हात लागलेला नसतो. आमच्या मते ॲनामॉर्फिक रॉ फाईलसाठी याहून सभ्य जागा नाही.

त्याउलट काय चालतं? कोणी 'आस्पेक्ट' नावाची पट्टी अंदाजाने सरकवतो, जिथे १.३३ असा आकडा टाकायची सोयच नसते. 'बरा दिसेपर्यंत' सरकवायची! कोणी फोटोशॉपमध्ये पिक्सेल आस्पेक्ट रेशो बदलतो, चित्र पडद्यावर सुंदर रुंद दिसतं, आणि जेपीईजी काढून पाठवल्यावर समोरच्याकडे पुन्हा बांबूची फौज पोचते. कारण ती सोय फक्त दाखवण्यापुरती आहे, पिक्सेल तिथे बदलतच नाहीत. आणि कोणी मागचे दिवे गोल होईपर्यंत चित्र ताणतो. हा प्रकार सगळ्यात घातक. या भिंगातून मागचे धूसर दिवे उभ्या अंड्यासारखे दिसतात, आणि चित्र बरोबर ताणल्यानंतरसुद्धा तसेच दिसायला हवेत. आडव्या दिशेत हे भिंग अधिक वाइड असतं, म्हणून त्या दिशेची धूसरता उभ्या दिशेपेक्षा कमी असते. ते अंडं गोल करायला गेलात तर पुढे उभ्या असलेल्या माणसाचं भोपळं होतं.

हिशेबाची एक गोष्ट जाताजाता. ६००० बाय ४००० चं चित्र १.३३ ने रुंद केलं की ८००० बाय ४००० होतं. म्हणजे चोवीसचे बत्तीस मेगापिक्सेल, आणि वरचे आठ सॉफ्टवेअरने शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले. उलट उंची दाबून ६००० बाय ३००० केलं तर नवं काही रचावं लागत नाही, पण उभा तपशील जातो. दोन्ही चालतं. छापायचं असेल तर आम्ही रुंद करतो. 'बत्तीस मेगापिक्सेलचा फोटो' म्हणून मिरवू मात्र नये.

तर हे झालं वाचन. पण वाचायला आकडा बरोबर हवा, आणि गालगुंडाची गोष्ट इथे पुन्हा पुढ्यात येते. भिंगावर १.३३ छापलेलं असतं, ते सर्व अंतरांवर खरं असेलच असं नाही. जवळ फोकस केल्यावर प्रत्यक्ष दाब १.२७ भरला आणि आपण १.३३ ने ताणलं, तर चेहरा जवळजवळ पाच टक्के रुंद. पाच टक्के डोळ्याला 'चूक' म्हणून दिसत नाहीत. ते 'वजन वाढलंय वाटतं' म्हणून दिसतात. (हशा) हसण्यासारखं आहे खरं, पण ज्याचा फोटो आहे त्याला हे सांगायची सोय नसते. त्याला वाटतं आपण असेच दिसतो.

यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. एक स्टीलचं ताट घ्या. ज्या अंतरावर माणूस उभा राहणार तिथे ते भिंगाच्या अगदी समोर, चौकटीच्या मधोमध, सरळ धरा आणि एक फोटो काढा. नंतर न ताणलेल्या चित्रात ताटाची उंची आणि रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. उंची ९०० आणि रुंदी ६९० आली तर भागाकार १.३०. त्या अंतरावरचा तुमच्या भिंगाचा खरा आकडा तो. एक मीटर, दीड मीटर, तीन मीटर, आणि अगदी लांबचं एखादं गोल घड्याळ, एवढं केलं की तुमच्या भिंगाचा तक्ता तयार. यातल्या बऱ्याच भिंगांना कॅमेऱ्याशी बोलणारे विजेचे संपर्कच नसतात, त्यामुळे फाईलमध्ये भिंगाचं नाव नाही, फोकसचं अंतर नाही, दाब किती तेही नाही. तक्ता हाताने लिहिलेला असला तरच आहे. पाच वर्षांनी ती फाईल उघडणाऱ्याला भिंग १.३३ चं होतं की १.५ चं, हे चित्र बघून कळावं अशी अपेक्षा असेल तर चित्रात ताट तरी हवं.

आता दुसरं काम. रेषांचा बाक. भिंतीची कड, दाराची चौकट, मंडपाचा खांब कडेला बाहेरच्या बाजूला फुगतो, त्याला बॅरल विरूपण म्हणतात. ते काढायला तयार प्रोफाइल असतात. साध्या भिंगाची रचना मध्याभोवती सारखी असते, म्हणून प्रोफाइलचं गणितही तसंच असतं. केंद्रापासून अमुक अंतरावरचा बिंदू तमुक इतका सरकवायचा, दिशा कोणतीही असो. लेन्सफन या मुक्त संग्रहातली नेहमीची सूत्रं अशीच अंतरावर चालतात. डीएनजीमध्ये २००९ साली आलेली 'वार्प रेक्टिलिनियर' ही सूचनासुद्धा मुळात अशीच आहे, फक्त काचा किंचित सरकलेल्या असल्या तर त्याची थोडी भर त्यात आहे.

ॲनामॉर्फिक भिंगात आडव्या आणि उभ्या दिशांचं वागणं मुळातच वेगळं. उभ्या रेषांचा बाक वेगळा, आडव्या रेषांचा वेगळा. मग मध्याभोवती गोल फिरणारं सूत्र लावून काय होणार? एक दिशा सुधारेल आणि दुसरी बिघडेल. पट्टी कितीही बारकाईने सरकवा, गणिताचा साचाच चुकीचा आहे. गोल झाकण लंबगोल डब्याला बसवायचं म्हणजे एकीकडून दाबलं की दुसरीकडून उचलणारच.

(पडद्यावर: लग्नमंडपातला एक रुंद समूहफोटो, दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी.)

हा फोटो आमच्याकडे छपाईच्या आधी बघायला आला होता. चेहरे झाकले आहेत, तरी मुद्दा कळेल. सॉफ्टवेअरच्या यादीत हे भिंग नव्हतं, म्हणून संस्करण करणाऱ्याने त्याच मापाच्या साध्या भिंगाचं प्रोफाइल निवडलं, आणि खांब सरळ होईपर्यंत जोर वाढवला. खांब सरळ झाले, खरंच झाले. आता वरची झालर बघा. ती आधी किंचित वर फुगलेली होती, आता उलटी, खाली ओघळली आहे. आणि या डाव्या कडेच्या काकू बघा. नवरीच्या शेजारच्या बाई आणि या काकू सख्ख्या बहिणी आहेत म्हणे, अंगाने सारख्याच. फोटोत एकीच्या दीडपट दुसरी वाटते! कोणी म्हणेल, मंडप तर सरळ आहे ना. पण अल्बम कोण बघणार आहे, मंडप-डेकोरेटर की काकू?

आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की काकूंचा सगळा दोष त्या चुकीच्या प्रोफाइलवर नाही. अगदी अचूक प्रोफाइल लावलं असतं तरी काकू थोड्या रुंद झाल्याच असत्या. हे जरा हळू बोलतो, कारण बहुतेक शिकवण्यांमध्ये ते येतच नाही.

समजा आपल्याकडे असं आदर्श भिंग आहे की जगातली प्रत्येक सरळ रेष चित्रात सरळ येते. या भिंगासमोर ताट सेन्सरला समांतर धरून चौकटीच्या कोपऱ्यात नेलं, तर ते तिथेही गोलच दिसतं. आता ताट ठेवून द्या आणि बुंदीचा लाडू घ्या. मध्यभागी गोल. कोपऱ्यात नेला की लांबट! लाडवात काही बिघाड नाही, भिंगातही नाही. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर सपाट वस्तू सपाट कागदावर बरोबर बसते, आणि फुगीर वस्तू कडेला ताणली जाते. हा भूमितीचा नियम आहे, त्याला पळवाट नाही. किती ताणली जाते तेही काढता येतं. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमीचं १.३३ पटीचं भिंग लावलं तर आडव्या दिशेत ते साधारण २६ मिमीसारखं बघतं, आणि चौकटीची कड मध्यापासून ३४ अंशांवर येते. तिथे लाडू सुमारे २१ टक्के लांबट होतो. साध्या ३५ मिमीच्या भिंगावर हाच आकडा १२-१३ टक्के असतो.

माणसाचं डोकं लाडू आहे, ताट नाही. वाड्याचा दर्शनी भाग, दुकानाची पाटी, भिंतीवरचं चित्र ही ताटं. एकाच फोटोत मागे वाडा आणि पुढे माणसं असतील तर दोघांनाही एकदम न्याय देणारी दुरुस्ती अस्तित्वातच नाही. आणि भिंगाचा जो बॅरल बाक आपण 'दोष' म्हणून काढायला निघालो होतो, तो कडेचं चित्र थोडं आत ओढत होता, म्हणजे काकूंना सावरून धरत होता! तो काढला की काकू सुटल्या. डीएक्सओ व्ह्यूपॉइंटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कडेच्या माणसांचा हा ताण कमी करायची वेगळी सोय आहे, आणि ती वापरली की रेषा पुन्हा थोड्या वाकतात. निदान तिथे हा सौदा आहे हे वापरणाऱ्याला दिसतं तरी.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत हॉल्बाइनचं १५३३ चं एक चित्र आहे, दोन राजदूतांचं. त्यांच्या पायाशी एक तिरपा, ताणलेला, ओळखू न येणारा आकार आहे. चित्राच्या एका बाजूला जाऊन कडेने बघितलं की त्याची कवटी होते. ॲनामॉर्फिक हा शब्द अशाच चित्रप्रकाराच्या नावाशी जोडलेला. तिथून कवटी नीट दिसते तेव्हा राजदूत बिघडलेले असतात. हॉल्बाइनला कोणी दुरुस्ती सुचवली नाही. (हशा)

कामाच्या क्रमाबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे जाणती माणसंही घसरतात. जुन्या पद्धतीची जोडभिंगं अनेक जण वापरतात, म्हणजे साधं भिंग आणि त्याच्या पुढे सिलिंड्रिकल तुकडा. प्रकाश आधी सिलिंडरमधून जातो, मग साध्या भिंगातून. उलगडताना उलटं जायला हवं. मोजे आधी घातले, बूट नंतर, तर काढताना बूट आधी. म्हणजे साध्या भिंगाचं प्रोफाइल दाबलेल्या चित्रावरच लावायचं आणि मग ताणायचं. आधी ताणलं तर साध्या भिंगाचा जो बाक मध्याभोवती गोल होता तो लंबगोल होऊन बसतो, आणि गोल सूत्र त्याला पकडू शकत नाही. यात एक मौज अशी की प्रोफाइल पहिल्यांदा लावताना पडद्यावर दाबलेलं, काटकुळं चित्र असतं, ते डोळ्याला खटकतं, म्हणून सगळे आधी ताणून मोकळे होतात. आणि हे सगळे फेरफार शक्यतो एकाच दमात व्हावेत. एकदा ताणून टिफ काढली, मग वाकवून दुसरी काढली, मग फिरवून तिसरी, असं केलं तर प्रत्येक वेळी पिक्सेल नव्याने अंदाजाने भरले जातात आणि तपशील विरत जातो. रॉ फाईलचा फायदाच हा की ती सूचना साठवते. तो फायदा मधल्यामध्ये फुकट घालवू नये.

मग योग्य साचा कुठेच नाही का? आहे की. मुंबई-पुण्यात व्हीएफएक्सच्या कामात असलेली मंडळी इथे बसली असतील, त्यांच्या रोजच्या वापरातला आहे. थ्रीडीइक्वलायझरमध्ये ॲनामॉर्फिकसाठी वेगळी सूत्रं आहेत. त्यांत आडव्या आणि उभ्या दिशेचे गुणांक वेगळे, दोन दिशांच्या दाबाचे आकडे वेगळे, आणि सिलिंडर भिंगात किंचित फिरून बसला असेल तर त्याचाही कोन. हे गुणांक काढायला चौकटींच्या जाळीचा तक्ता त्याच भिंगाने टिपतात. पण आम्हाला त्यांच्या सूत्रांपेक्षा त्यांची रीत जास्त महत्त्वाची वाटते. ते मूळ दृश्याचा बाक काढतात, सरळ झालेल्या चित्रावर संगणकी इमारत किंवा राक्षस जे काय असेल ते बसवतात, आणि मग त्या राक्षसाला भिंगाचा तोच बाक परत चढवून मूळ दृश्यात सोडतात. मूळ दृश्य शेवटी जसं होतं तसंच पडद्यावर जातं. म्हणजे ज्यांच्याकडे सगळ्यात नेमकी दुरुस्ती आहे, ते ती कामापुरती करतात आणि काम झालं की मागे घेतात. फोटोवाल्यांकडे साधनं कच्ची आहेत आणि दुरुस्ती मात्र कायमची.

याच्या उलट टोकाला एक गट आहे, त्यांच्याशीही आमचं जमत नाही. ते म्हणतात, बाक, सूज, निळ्या आडव्या रेघा, हा सगळा भिंगाचा 'स्वभाव' आहे, हात लावू नका. रेघांबद्दल आमची तक्रार नाही, आवडत असतील तर ठेवा. पण आकडा न मोजता रुंद झालेल्या चेहऱ्याला स्वभाव म्हणणं हा निव्वळ आळस आहे. स्वभाव भिंगाचा आणि गाल दुसऱ्याचे! पॅनाव्हिजनच्या भिंगातली उभी ताणलेली पार्श्वभूमी आज लोक कौतुकाने बघतात, पण ती कौतुकासाठी आली नव्हती. चेहरा वाचवण्याची किंमत म्हणून ती आली. ती किंमत न मोजता नुसती शोभा उचलायची, हे आम्हाला पटत नाही.

मग आम्ही काय करतो ते सांगतो, नियम म्हणून नाही. फोटो कशाचा आहे हे आधी ठरवतो. वाड्याची, शिलालेखाची नोंद करायची असेल तर मुळात हे भिंग लावतच नाही. लावलंच गेलं असेल तर जाळी टिपून दोन्ही दिशांचा बाक वेगवेगळा काढतो, कारण तिथे उद्या कोणी माप घेईल. माणसांचा फोटो असेल तर त्या अंतराचा ताटाचा आकडा वापरून ताणतो आणि बाकाला सहसा हात लावत नाही. खांब थोडा वाकला तर वाकू दे. दोन्ही असतील तर ताणलेलं चित्र घेऊन कडेची दोन माणसं आधी बघतो, खांब नंतर. आणि ज्यांना कडेला उभं करायचंय त्यांना फोटो काढतानाच दोन पावलं आत बोलावलं तर यातलं निम्मं काम उरतच नाही, हेही आहेच.

फाईलसोबत आम्ही एक ओळ लिहून ठेवतो. भिंग कोणतं, छापील दाब किती, फोकसचं अंतर अंदाजे किती, ताटावरून आलेला आकडा किती, आणि बाक काढला आहे की ठेवला आहे. ही ओळ डीएनजीच्या वर्णनाच्या रकान्यात मावते. 'लेन्स करेक्शन केले' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

प्रश्न घेऊच. त्याआधी, ज्यांनी आपापली भिंगं आणली आहेत त्यांच्यासाठी बाहेर व्हरांड्यात तीन अंतरांवर खुणा केल्या आहेत आणि ताटंही ठेवली आहेत. ताटावर उजेडाची चमक आली तर कड मोजता येत नाही, म्हणून काठाला काळी चिकटपट्टी लावली आहे, ती कृपया काढू नका. लाडूसुद्धा आहेत, पण ते फोटो झाल्यावर.